बाळंतपणाची रजा

आम्ही धुणीभांडी करणाऱ्या बाया. सातवा महिना लागला की पोटाइतकाच हातातल्या कामांचा घोर. बाळंतपणात मजुरी मिळावी म्हणून १९२८ साली बाबासाहेब मुंबई कौन्सिलात बोलले, १९२९ ला कायदा झाला. तो कारखान्यातल्या बायांचा. २०१७ पासून पगारी रजा २६ आठवड्यांची, पण जिथं निदान दहा माणसं कामाला तिथं. आम्ही तर एकेका घरात एकट्याच! मग थोरल्या जाऊबाई आमची दोन घरं धरतात. पगार त्यांचा, काम आमचं टिकतं. सासूबाई म्हणतात, "अंग ओलं आहे, सव्वा महिना तरी थांब." चौथ्या आठवड्यातच मालकिणीचा निरोप येतो. भांडी घासताना पान्हा फुटतो, पदर भिजतो. इकडे नणंद पिळून ठेवलेलं दूध बाळाला वाटीचमच्यानं पाजते. तिचंच बोट धरून झोपतं म्हणे.