हास्यवायूची बाटली

वय ६७, जन्मभर शब्दरूपें आणि धातुरूपें यांचें अध्यापन, आणि स्वतःचें शिक्षण मॅट्रिकपर्यंत. अशा मनुष्यानें मोटारीच्या यंत्राविषयीं लिहावयास बसावें, हें वाचकांस चमत्कारिक वाटेल. आम्हांसही वाटतें. परंतु गेल्या वैशाखांत आमच्या लोणंदच्या घरीं जें घडलें, तें मोटारीपेक्षां घराविषयींच अधिक आहे, अशी आमची समजूत झाल्यामुळें हा लेखनप्रपंच.

आमच्या धाकट्या बंधूंचा नातू यंत्रशास्त्राच्या पदविकेच्या शेवटच्या वर्षास आहे. एके दिवशीं त्याच्या नांवानें एक जड पार्सल आलें. त्यांत निळ्या रंगाची, तान्ह्या मुलाएवढी एक रिकामी बाटली, पोलादी जाळीची लांब नळी, विजेवर चालणाऱ्या दोन झडपा, एक बारीक तोटी, तारा आणि बटणें असा संभार होता. हा 'नायट्रसचा किट', शिकवण्या करून सांठविलेल्या पैशांतून आणविलेला. आणि तो घरांतील जुन्या एस्टीम गाडीस बसवावयाचा, असें कळतांच माजघरांत एकच गिल्ला झाला. भावजय डोळ्यांस पदर लावून बसल्या. पुतण्या म्हणाला, "काका, आतां तुम्हीच सांगा त्याला. तुमचा शब्द तो मोडणार नाहीं."

'नाहीं' म्हणणें आम्हांस अवघड नव्हतें. तो आमचा जन्माचा अभ्यास. परंतु तो शब्द ओठांवर आला आणि तेथेंच थांबला. २६ वर्षांपूर्वीं आमच्या चिरंजीवानें, वार्षिक परीक्षेस पंधरा दिवस उरले असतां, घरची स्कूटर अंगणांत खोलून ठेविली होती. आम्हीं कांहीं न बोलतां त्याची पान्यांची पेटी भंगारवाल्यास देऊन टाकली. मुलगा परीक्षेंत पहिला आला, पुढें बँकेंत चढत गेला. आज दर रविवारीं तो दूरध्वनि करतो, औषध घेतलें का म्हणून विचारतो. परंतु त्यापलीकडे आमच्याशीं तो कांहीं बोलत नाहीं. हें शल्य आम्हीं कोणापाशीं उघड केलें नव्हतें.

म्हणून आम्ही नातवास इतकेंच म्हणालों, "हा वायु आहे तरी काय, तें आधीं आम्हांस समजावून सांग."

"आजोबा, हा गॅस पेट्रोलपेक्षां जोरांत पेटतो," तो उत्साहानें म्हणाला. २००१ सालच्या 'फास्ट अँड फ्यूरिअस' या चित्रपटांत बटण दाबतांच मोटारी बाणासारख्या सुटतात, तेवढ्यावर त्याचें ज्ञान बेतलेलें होतें. मग आम्हीं दोघांनीं मिळून आठ दिवस या विषयाचा पाठ केला. प्रीस्टले यानें १७७२ मध्यें हा वायु तयार केला. १७९९ च्या सुमारास हंफ्री डेव्ही यानें तो स्वतः हुंगून पाहिला आणि त्यास 'हास्यवायु' हें नांव पडलें. १८४४ मध्यें अमेरिकेंतील दंतवैद्य होरेस वेल्स यानें दांत काढतांना वेदना कळूं नयेत म्हणून तो योजिला. दुसऱ्या महायुद्धांत जर्मनांनीं, उंचावर हवा विरळ होते म्हणून, तोच आपल्या विमानांच्या एंजिनांत सोडला. मोटारीकडे तो आला तो असा फिरत फिरत.

मुख्य गोष्ट ही कीं, हा वायु स्वतः जळत नाहीं. तो जाळूं देतो. साध्या हवेंत वजनानें शेंकडा २३ भाग प्राणवायु असतो, यांत ३६. एंजिनाच्या उष्णतेनें, सुमारें ३०० अंशांवर, त्याचें विघटन होऊन नत्रवायु आणि प्राणवायु वेगळे होतात. शिवाय त्याचा उत्कलनबिंदु शून्याखालीं ८८ अंश असल्यामुळें तोटींतून बाहेर पडतांच तो आंत जाणारी हवा थंड व घट्ट करतो. प्राणवायु वाढला म्हणजे पेट्रोल अधिक जळतें आणि शक्ति वाढते. परंतु वायु वाढविला आणि त्या मानानें पेट्रोल वाढविलें नाहीं, तर आंतील उष्णता आवरत नाहीं, ठिणगीवांचून स्फोट होऊं लागतात, आणि पिस्टन वितळून त्यास भोंक पडतें. ही हकीकत वाचून नातू प्रथमच गप्प झाला.

दुसरा प्रश्न जागेचा. रात्रीं रहदारी थांबल्यावर फलटणच्या रस्त्यास गाडी सोडावी, असा त्याचा बेत होता. आम्हीं त्यास १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम आणि २०१९ ची दुरुस्ती वाचावयास लाविली. परवानगीवांचून केलेल्या प्रत्येक फेरफारास मालकास सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा ५,००० रुपये दंड, अथवा दोन्ही. गाडी आमच्या नांवावर. तेव्हां कैदेंत जावयाचें तें आम्हीं! तो हंसला. मग आम्हीं त्यास चांदोबाच्या लिंबाची आठवण दिली. त्याच रस्त्यावर आषाढवारींत माउलींच्या सोहळ्याचें पहिलें उभें रिंगण होतें. अश्व केवढ्या वेगानें धांवतो! परंतु आधीं वारकरी दुतर्फा उभे राहून वाट मोकळी करितात, मग अश्व सुटतो. वेगास तेथें कोणी नाहीं म्हटलेलें नाहीं. त्यास जागा करून दिली आहे. लोणावळ्याजवळ अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर अशा गाड्यांच्या शर्यती झाल्या आहेत, हें त्यास ठाऊक होतेंच. ही गाडी यापुढें रस्त्यावर चालणार नाहीं. नेणें झाल्यास ट्रकवर घालून बंद धावपट्टीवर न्यावयाची, असें ठरलें. बाजारहाटास घरांत दुसरी गाडी आहे.

मग कामास आरंभ झाला. बाटलींतील नळी तळापर्यंत गेलेली असते, म्हणून बाटली डिकींत आडवी, तोंड पुढें व किंचित् उंच, अशी पट्ट्यांनीं आवळली. पोलादी नळी गाडीच्या पोटाखालून, धुराच्या नळापासून दूर राखून, पुढें नेली. एक झडप वायूची, दुसरी जादा पेट्रोलची. दोन्ही एकाच तोटीशीं जोडून ती तोटी हवेच्या मार्गांत बसविली. पाय पूर्ण दाबल्यावांचून झडपा उघडूं नयेत, म्हणून पेडलपाशीं एक बारीक बटण लाविलें. आमच्याकडे काम बॅटरी धरण्याचें. चार रात्री आम्ही बॉनेटपाशीं ती धरून उभे होतों.

चौथ्या रात्रीं नातवानें आपल्या काकास, म्हणजे आमच्या चिरंजीवास, दूरध्वनि लाविला आणि यंत्र मडगार्डवर ठेविलें. आम्हांस वाटलें, आतां बँकेचे साहेब पुतण्यास चार शब्द सुनावणार. पलीकडून आवाज आला, "पेट्रोलची जेट केवढी घातलीस? प्लग थंड जातीचे बदललेस का? इग्निशन किती मागें घेतलेंस?"

आम्ही चकित झालों. एवढीं वर्षें हिशेबाच्या खुर्चीवर बसून हा मुलगा हें सर्व वाचीत होता, आणि आम्हांस त्याची गंधवार्ता नव्हती.

"प्लग अजून नाहीं बदलले," नातू म्हणाला.

"मग ते बदलल्याशिवाय बाटली भरायची नाहीं." थोडें थांबून त्यानें विचारलें, "बॅटरी कोण धरतंय?"

"आजोबा."

पलीकडे क्षणभर कांहींच ऐकूं आलें नाहीं. मग तो म्हणाला, "नीट धरा म्हणावं अण्णांना. स्कूटरच्या वेळीं मला कोणी धरलीच नव्हती."

तो हंसत म्हणाला. परंतु आमच्या हातांतील उजेड हालला, तो नातवाच्याही लक्षांत आला असावा.

त्या रात्रीं झोंप आली नाहीं. वडील माणसांची परवानगी ही या वायूसारखीच आहे, असें पडल्या पडल्या मनांत येत होतें. ती अगदींच न दिली तर तरुणांतील आंच विझते, निदान आपल्यापासून दूर जाऊन जळते. नुसती देऊन बाजूस झालें, तर तीच आंच त्यांस जाळते. मोकळीक द्यावी आणि त्या मानानें आपली सोबतही वाढवावी, हें प्रमाण आम्हांस सदुसष्टाव्या वर्षीं, तेंही यंत्राच्या पुस्तकांतून, कळलें.

पुढें प्लग बदलले, ठिणगीची वेळ मागें घेतली, आणि बाटलींत थोडा वायु भरून सांधे तपासले. आमच्या कुटुंबानें रिठ्याचें पाणी करून दिलें. तें लावतांच एका सांध्यावर बुडबुडे आले. बॅटरीच्या उजेडांत ते प्रथम आम्हांसच दिसले, याचा थोडा अभिमान वाटला. सांधा आवळून पुन्हां पाहिलें, बाटली रिकामी केली आणि काढून ठेविली. ३६.४ अंशांपलीकडे हा वायु कितीही दाबला तरी द्रवरूपानें राहत नाहीं, आणि बाटलींतील दाब भराभर चढतो. लोणंदच्या वैशाखांत भरली बाटली उन्हांतल्या गाडींत ठेवणें म्हणजे डिकींत संकट ठेवणेंच होय.

गाडी पडवींत उभी आहे. थंडींत एखादी बंद धावपट्टी मिळाली तर पाहूं. दिवाळीस चिरंजीव चार दिवस येणार आहेत. येतांना जुने कपडे घेऊन यावें, असें आम्हीं त्यांस कळविलें आहे.