धनुर्वात : मातीतले विष आणि मज्जारज्जूचा लगाम

१/ खालापूर तालुक्यातील उंबरखिंड इतिहासप्रेमींना १६६१ च्या लढाईमुळे ठाऊक आहे. कारतलबखानाची फौज शिवरायांनी तिथल्या अरुंद वाटेत कोंडली. लढायांच्या कथा बहुधा रणात पडलेल्यांपाशी थांबतात. जखमींचे मरण मात्र पुष्कळदा आठवडाभराने येई. जखम भरत आलेली असे आणि एका सकाळी दातखीळ बसे.

२/ मग मान ताठ होई आणि पाठीची कमान होऊन देह धनुष्यासारखा वाकत असे. सुश्रुतसंहितेत याला ‘धनुःस्तंभ’ म्हटले आहे. मराठीत तो ‘धनुर्वात’ झाला. या रोगातली सर्वांत क्रूर गोष्ट अशी, की रोगी शुद्धीवर असतो. प्रत्येक झटका त्याला कळतो.

३/ कारण मातीत होते. १८८४ मध्ये आर्थर निकोलायर यांनी मातीतून प्राण्यांमध्ये हा रोग निर्माण करून दाखवला. १८८९ मध्ये शिबासाबुरो कितासातो यांनी त्याचा जंतू शुद्ध स्वरूपात वाढवला. त्याचे बीजाणू मातीत आणि जनावरांच्या शेणात वर्षानुवर्षे तग धरतात. कर्जत-खालापूरच्या भातखाचरांत अनवाणी उतरणाऱ्या माणसाला काटा किंवा विळ्याची एक चीर पुरेशी होती.

४/ पण पायातल्या काट्याने जबडा का मिटावा? जंतू जखमेतच राहतो. प्रवास करते ते त्याचे विष. ते स्नायूंकडे जाणाऱ्या चेतातंतूंच्या टोकांत शिरते आणि तंतूतून उलट दिशेने मज्जारज्जूपर्यंत चढते. रक्तातून पसरलेले विष चेहऱ्याच्या आखूड चेतातंतूंतून लवकर वर पोहोचते, म्हणून बहुधा जबडा आधी धरतो.

५/ माणूस कोपर वाकवतो तेव्हा दंडाचा पुढचा स्नायू आवळतो आणि त्याच क्षणी मागच्या स्नायूला ‘सैल हो’ असा आदेश जातो. चार्ल्स शेरिंग्टन यांनी ही जोडव्यवस्था उलगडली. विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांनीच दाखवले, की धनुर्वाताच्या विषाने मज्जारज्जूतला हा लगाम सुटतो.

६/ १९५७ मध्ये कॅनबेरा येथे ब्रुक्स, कर्टिस आणि एक्लस यांनी मज्जारज्जूतील चेतापेशींचे विद्युत-संदेश मोजून याला पुरावा दिला : विष ‘आवळ’ हा संदेश वाढवत नाही, ‘थांब’ हा संदेश पोहोचू देत नाही. हा संदेश नेणारी रसायने, ग्लायसिन आणि गॅबा, चेतापेशीतून बाहेरच पडत नाहीत. १९९२ मध्ये इटलीतील संशोधकांनी त्याचे कारण शोधले. रसायन सोडण्यासाठी लागणारे सिनॅप्टोब्रेव्हिन हे प्रथिन विष कात्रीसारखे कापते.

७/ लगाम सुटल्यावर दिवा, आवाज, नुसता स्पर्शही झटका आणतो. कल्याणकडून येणारा रेल्वेमार्ग १८५६ मध्येच खोपोलीपर्यंत पोहोचला होता. पण कर्जत ते मुंबई हे सुमारे १०० किलोमीटरचे अंतर अशा रोग्यासाठी किती लांब असेल, याची कल्पनाच केलेली बरी. परळच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. जे. सी. पटेल आणि सहकाऱ्यांनी धनुर्वाताच्या हजारो रुग्णांचा अभ्यास केला. मुंबईतच डॉ. फारुख उदवाडिया यांनी अतिदक्षता उपचारांतून गंभीर रुग्णांना वाचवण्याचा अनुभव ग्रंथबद्ध केला. चेतापेशीला चिकटलेले विष औषधाने सुटत नाही. श्वास चालू ठेवायचा आणि चेतापेशी पुन्हा सावरेपर्यंत वाट पाहायची, हाच उपचाराचा गाभा.

८/ सर्वाधिक बळी मात्र लढवय्यांचे किंवा शेतकऱ्यांचे नव्हते, ते नवजात बालकांचे होते. विळ्याने वा पात्याने कापलेली नाळ, तिच्यावर लावलेली राख किंवा शेण, आणि पहिल्या आठवड्याच्या आसपास बाळाचे दूध ओढणे बंद. पाचवी-सटीला सटवाई बाळाचे भाग्य लिहिते, अशी घरोघरची श्रद्धा. त्या विधीचा उगम या रोगात आहे असे म्हणता येणार नाही. पण भीतीचे दिवस तेच होते.

९/ त्या भाग्यलेखावर उत्तर मिळाले ते लसीचे. १९२० च्या दशकात गास्तों रामों यांनी विष निष्प्रभ करून त्याचीच लस बनवली. गरोदरपणी आईला टोचली, तर तिचे संरक्षण बाळालाही मिळते. लसीकरण आणि स्वच्छ प्रसूती यांमुळे २०१५ मध्ये भारतातून माता व नवजात धनुर्वाताचे उच्चाटन झाल्याचे मान्य झाले. याचा अर्थ प्रत्येक जिल्ह्यात दर हजार जिवंत जन्मांमागे एकाहून कमी रुग्ण.

१०/ उच्चाटन म्हणजे नायनाट नव्हे. देवी गेली, कारण ती माणसाकडून माणसाकडे जाई आणि ती साखळी तोडता आली. धनुर्वात मातीतून येतो. त्यामुळे शेजाऱ्याने घेतलेली लस इथे दुसऱ्याला वाचवत नाही. ज्याची त्यालाच घ्यावी लागते. उंबरखिंडीतली माती आजही तीच आहे. बदल झाला तो प्रत्येक पिढीत आरोग्यसेविकेने नव्याने टोचलेल्या सुईमुळे.