टाचणाबाहेरची वही

मराठी शाळेतील शिक्षकाला एक वही ठेवावीच लागते. ती टाचणाची. तास होण्यापूर्वी ती लिहावयाची असते. तीत घटक, उद्दिष्टे, शैक्षणिक साहित्य, मूल्यमापन अशी क्रमवार मांडणी असते आणि तिच्यावर मुख्याध्यापकांची सही होते. काही शिक्षक मात्र आणखी एक वही ठेवतात. ती तासानंतर लिहिली जाते. ठरवले होते काय आणि प्रत्यक्षात घडले काय, मुले कोठे अडली, आपण स्वतः कोठे अडलो, याची ती नोंद असते. ती कोणी मागत नाही व तपासतही नाही. इंग्रजी शिकवणाऱ्या शिक्षकांचे या दुसऱ्या प्रकारचे लेखन कधी वहीतच राहते, तर कधी एखाद्या शैक्षणिक नियतकालिकातून चार सहकाऱ्यांपर्यंत पोहोचते. त्याची गणना वाङ्मयात सहसा होत नाही. ती व्हावी असे त्यात बरेच काही आहे.

या लेखनामागची परिस्थिती ध्यानात घेतली पाहिजे. महाराष्ट्रातील मराठी शाळांत २००० साली पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले. ज्यांच्यावर हे काम आले त्यांपैकी पुष्कळांची स्वतःची इंग्रजीशी ओळख पाचवीत झालेली होती, आणि तीही बव्हंशी व्याकरणाचे नियम व भाषांतर यांच्या वाटेने. आपण ज्या वाटेने गेलो नाही त्या वाटेने मुलांना न्यावयाचे, असा हा प्रसंग होता. उच्चाराची शंका, बोलण्याचा संकोच, आणि ‘गुरुजींना येतच असणार’ ही गावाची खात्री, या तिन्हींच्या मध्ये हा शिक्षक उभा होता. अशा शिक्षकाने ‘आज मुलाच्या प्रश्नाला उत्तर देता आले नाही’ हे वाक्य लिहिणे वाटते तितके सोपे नाही. शिक्षकाची प्रतिष्ठा आपल्याकडे ‘येण्या’वर उभी असते, ‘न येणे’ कागदावर उतरवण्यास धैर्य लागते. या लेखनाचे पहिले मोल या धैर्यात आहे.

दुसरे मोल भाषेच्या अभ्यासकाला विशेष जाणवावे असे आहे. इंग्रजी शिकताना मूल जी चूक करते ती बहुधा त्याच्या मराठीतून आलेली असते. ‘मला दोन भाऊ आहेत’ याचे इंग्रजी करताना एखादी मुलगी ‘टू मी टू ब्रदर्स आर’ असे लिहिते. तांबड्या शाईने ते खोडणे हा एक मार्ग. पण वही घेऊन बसलेला शिक्षक थोडा थांबतो. त्याच्या लक्षात येते की, इंग्रजीतील ‘हॅव’ या क्रियापदाचे सगळे काम करील असे एक क्रियापद मराठीत नाही. पेन ‘माझ्याकडे’ असते, भाऊ ‘मला’ असतो. ‘माझ्याकडे दोन भाऊ आहेत’ असे मराठी माणूस म्हणणार नाही. भाऊ ही जवळ बाळगण्याची वस्तू नव्हे, हे त्याचे व्याकरणच त्याला सांगत असते. इंग्रजीत मात्र पेन, भाऊ आणि ताप या तिन्हींना एकच क्रियापद चालते. मुलीची चूक मराठीच्या दृष्टीने अगदी सुसंगत असते. हे शिक्षकाने एकदा ओळखले की त्याचा पुढचा तास बदलतो, आणि मुलीकडे पाहण्याची त्याची दृष्टीही.

अशी उदाहरणे पावलोपावली भेटतात. ‘वी’ म्हणजे ‘आम्ही’ की ‘आपण’, हा मुलांचा प्रश्न रास्तच असतो. ऐकणाऱ्याला आपल्यात धरावयाचे की नाही, हे मराठीत आधी ठरवावे लागते, इंग्रजीत लागत नाही. मराठीत मुलगा ‘मी जातो’ म्हणतो आणि मुलगी ‘मी जाते’ म्हणते. ‘आय गो’ म्हणताना हा भेद उरत नाही. अशा प्रश्नांपाशी जो शिक्षक थबकतो आणि ते लिहून ठेवतो, तो इंग्रजीच्या तासाला मराठीचाही अभ्यास करीत असतो.

ही गोष्ट आपल्या परंपरेत नवी नाही. दादोबा पांडुरंग तर्खडकर हे शिक्षक होते. त्यांचे मराठी व्याकरण १८३६ साली प्रसिद्ध झाले, आणि ते रचताना इंग्रजी व्याकरणाचा नमुना त्यांच्यासमोर होता. परक्या भाषेच्या अभ्यासातून स्वभाषेची घडण डोळ्यांत भरावी, असाच हा अनुभव होता. पुढे विसाव्या शतकात बा. सी. मर्ढेकर, विंदा करंदीकर, जी. ए. कुलकर्णी, भालचंद्र नेमाडे अशा कितीतरी मराठी लेखकांनी इंग्रजीचे अध्यापन केले. वाङ्मयेतिहासात त्यांची नोंद झाली ती कवी, कथाकार, कादंबरीकार म्हणून. त्यांच्या वर्गात एखादी इंग्रजी कविता मराठी मुलांपर्यंत कशी पोहोचत होती, याविषयी हा इतिहास फारसे बोलत नाही.

वर्गातील अनुभवाचे वाङ्मय होऊ शकते, याचा दाखला दूरच्या न्यूझीलंडमध्ये सापडतो. तेथे माओरी मुलांना वाचायला शिकवणाऱ्या सिल्विया ॲश्टन-वॉर्नर यांचे ‘टीचर’ हे पुस्तक १९६३ साली प्रसिद्ध झाले. छापील वाचनपुस्तकातील परके शब्द बाजूस ठेवून, मुलाच्या मनात भीतीने वा मायेने आधीच घर केलेला शब्द त्याच्याकडूनच मागून घ्यावयाचा व तोच त्याला प्रथम वाचावयास द्यावयाचा, ही त्यांची रीत. ती जगाला कळली, कारण एका शिक्षिकेने आपला वर्ग लिहून ठेवला.

आपल्याकडील वह्यांचे काय होते? शिक्षक निवृत्त होतो, घर बदलतो आणि त्या रद्दीत जातात. त्यांच्यासोबत एका पिढीने इंग्रजी कशी आपलीशी केली आणि ती करताना मराठीला कसे न्याहाळले, याची साक्षही जाते. मराठी विभागांनी असे लेखन मिळवावे, वाचावे, त्यावर विद्यार्थ्यांकडून अभ्यास करवून घ्यावा. मराठीत ‘शिकवणे’ हे ‘शिकणे’ याच धातूपासून झालेले आहे. त्यामुळे ‘सर मला इंग्रजी शिकवतात’ याचे इंग्रजी करताना एखादा मुलगा शिक्षकालाच ‘लर्न’चा कर्ता करून टाकतो. ही चूक शिक्षक दुरुस्त करतो, ते त्याचे कामच आहे. पण तासानंतर वहीत ती टिपून ठेवताना, मुलाने आपल्याविषयी खोटे काही लिहिलेले नाही, हेही त्याला कळलेले असते.