पाण्यात काय घालू?

बाल्कनीत दगड कापायचं यंत्र मांडल्यापासून जो तो पात्याबद्दल विचारतो. मला मात्र खरा विचार करावा लागला तो पाण्याचा!

आपल्या बेसाल्टमधला अकीक म्हणजे क्वार्ट्‌झच, कठीणपणा साधारण ७. कोरडा कापला तर सिलिकाची धूळ थेट फुप्फुसात. गुजरातेत खंबायतच्या अकीक कारागिरांना सिलिकोसिस होतो तो याच धुळीने. म्हणजे पाणी हवंच. (मास्कही.)

पण नुसत्या पाण्याने पात्याचं पोलाद गंजतं. "ताई, गाडीचं कूलंट घाल की, गंजणार नाही," इति धाकटे बंधुराज. खरंय, पण त्यात बहुधा इथिलीन ग्लायकॉल असतं, चवीला गोड आणि विषारी. उडणारे तुषार मी हुंगणार आणि ट्रेमध्ये आमची मनी तोंड घालणार. नको रे बाबा! भांड्यांच्या साबणाचा इतका फेस होतो की दगडावरची रेघच दिसत नाही. खनिज तेलाने छान कापलं जातं, पण सच्छिद्र फिरोजा ते पिऊन बसतो, शिवाय पेटायची भीती.

शेवटी पाण्यात मिसळणारं, ग्लायकॉल नसलेलं गंजरोधक आणलं. बाटलीवर लिहिलंय तेवढंच घालते. काम संपलं की ट्रे रिकामा, पातं पुसून कोरडं. गाळ मोरीत ओतत नाही, पाइप तुंबतो. बादलीत खाली बसला की ओला असतानाच पिशवीत बांधते. वाळला तर पुन्हा तीच धूळ.