पाटीवरचे पाठभेद

कळंबोली हे वजनाचे गाव आहे. मुंबई-पुणे द्रुतगती महामार्गाच्या मुखाशी सिडकोने वसवलेल्या या वसाहतीत मालमोटारींची रांग कधी तुटत नाही. येथील स्टील मार्केटात पत्रे, गज, तुळया सारे काट्यावर चढते आणि काटा जो आकडा सांगेल त्यावरून त्याची किंमत ठरते. भंगाराचा न्यायही तोच. एके काळी मोठ्या कौतुकाने खरेदी केलेला लॅपटॉप जुना झाला, की त्याचे प्लॅस्टिक एका ढिगात जाते आणि आतील हिरवी पाटी दुसऱ्या ढिगात. त्या पाटीवर काय लिहिले आहे, हे विचारण्याची सवड काट्याला नसते.

ही सवड काढणारा एक वृद्ध कारागीर याच गावात, सिडकोच्या एका बैठ्या घरात राहतो. तळोजा औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात यंत्रांची देखभाल करण्यात त्याचे आयुष्य गेले. आता घरातील खिडकीजवळच्या टेबलावर भिंग, चिमटा, मीटर आणि सोल्डरिंगचे हत्यार एवढाच त्याचा संसार मांडलेला असतो. आजूबाजूची मुले त्याला काका म्हणतात. भंगारवाल्याकडून जुन्या लॅपटॉपच्या पाट्या तो विकत आणतो; पण त्यांतील तांबे वा सोने काढण्यासाठी नव्हे. एकाच लॅपटॉपच्या दोन पाट्या शेजारी शेजारी ठेवून त्या वाचणे, हा त्याचा छंद आहे.

अशी पाटी वाचायची तरी कशी? पहिल्या दृष्टीला दोन्ही सारख्याच भासतात. परंतु कोपऱ्यात पांढऱ्या बारीक अक्षरांत आवृत्तीची खूण छापलेली असते: एकीवर ‘ए’, दुसरीवर ‘बी’. चिपांच्या पाठीवर बहुधा चार आकडे आढळतात. 9714 असे असेल, तर ती चिप 1997 सालच्या चौदाव्या आठवड्यात तयार झाली, असे समजावे. मग नजर तांब्याच्या रेघांवर जाते. येथे एक रेघ वळली आहे, तेथे एक कपॅसिटर वाढला आहे, पलीकडे एका रिकाम्या जागेवर काही बसवलेलेच नाही. ‘ए’ पाटीवर कधी एखादी बारीक तार वरून जोडलेली दिसते. पाट्या छापून झाल्यावर आराखड्यातील चूक ध्यानात आली, की साऱ्या पाट्या फेकून न देता कारखान्यात अशी तार हाताने जोडण्याचा परिपाठ आहे. पुढच्या आवृत्तीत त्या तारेची जागा तांब्याची छापील रेघ घेते आणि चूक झाल्याची खूणही पुसली जाते.

संगणकांच्या इतिहासात अशा आवृत्त्यांचे दाखले विपुल आहेत. आपल्या रायगड जिल्ह्याशी नाते असलेला एक दाखला येथे देण्याजोगा आहे. गरीब देशांतील प्रत्येक मुलाच्या हाती स्वस्त लॅपटॉप द्यावा, अशी कल्पना अमेरिकेतील निकोलस निग्रोपाँटे यांनी 2005 साली मांडली. त्यांच्या ‘एक्सओ’ या हिरव्या-पांढऱ्या यंत्राच्या चाचणीच्या पाट्या 2006 पासून तयार होऊ लागल्या. ‘बी’ मालिकेच्या पहिल्या दोन आवृत्त्यांत प्रोसेसरचा वेग 366 मेगाहर्ट्झ आणि स्मृती 128 मेगाबाइट होती. तिसऱ्या आवृत्तीत प्रोसेसरच बदलून वेग 433 मेगाहर्ट्झ झाला आणि स्मृती दुप्पट झाली. 2007 च्या नोव्हेंबरात मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू झाले. त्याच 2007 साली या जिल्ह्यातील खैराट या लहानशा वस्तीच्या शाळेत मुलांच्या हाती ही यंत्रे आली. त्या यंत्रांच्या पोटातील पाटीमागे कितीतरी टाकून दिलेल्या पाट्यांची परंपरा उभी होती, हे त्या बालकांना कोठून ठाऊक असणार!

मराठी वाचकाला हे सारे पाहून ग्रंथांतील पाठभेदांचे स्मरण झाल्यावाचून राहत नाही. नकलाकारांच्या हातून ज्ञानेश्वरीत अपपाठ शिरले होते. संत एकनाथांनी शके 1506 मध्ये, म्हणजे इसवी सन 1584 मध्ये, ती प्रत शुद्ध केली. निरनिराळे पाठ ताडून पाहणे आणि त्यांतील ग्राह्य कोणता हे ठरवणे, हे काम दोन्हीकडे सारखेच. मात्र दोहोंत एक मोठा भेद आहे. पोथी जितकी जुनी तितकी ती मूळ वाणीच्या जवळ असण्याचा संभव अधिक. पाटीचे याच्या उलट असते. तेथे नंतरची आवृत्ती सुधारलेली असावी, अशी अपेक्षा असते.

परंतु हा नियमही सर्वत्र लागू पडत नाही. अॅपल कंपनीने 1989 साली ‘मॅकिंटॉश पोर्टेबल’ हा संगणक काढला. 1991 च्या आवृत्तीत पडद्यामागे प्रकाशाची सोय केली, हे खरे. पण त्याबरोबर आधीच्या महाग स्मृतिचिपांऐवजी स्वस्त चिपा बसवल्या आणि स्मृती वाढवण्याची कमाल मर्यादा 9 मेगाबाइटवरून 8 वर आली. तेव्हा नंतरचे ते चांगलेच, असे डोळे मिटून म्हणता येत नाही. काय मिळाले आणि काय गेले, हे दोन्ही पाट्या समोर ठेवल्यावाचून कळत नाही.

या छंदाचा उपयोग काय, असे कोणी विचारील. काही दिवसांपूर्वी एक निवृत्त शिक्षिका आपला 1997 सालचा लॅपटॉप घेऊन काकांकडे आल्या. आगरी समाजातील लग्नांत धवलारिणी जे धवळे गातात, ते त्यांनी गावोगाव हिंडून ऐकले होते आणि या यंत्रावर टंकून ठेवले होते. गाणाऱ्या आजीबाईंपैकी कितीतरी आता हयात नाहीत. डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडून पाहिली, तर अक्षरांच्या जागी निरर्थक चिन्हे उमटत. कारण त्या काळच्या प्रत्येक मराठी लेखन-प्रणालीची लिपिसंकेतांची रीत निराळी होती आणि ही प्रणाली या एकाच यंत्रावर उरली होती. यंत्र मात्र दिवा लावी. पडदा उजळत नसे. एका दुरुस्तीच्या दुकानातून ते तसेच परत आले होते.

“बाई, धीर धरा. याची बहीण माझ्याकडे आहे,” काका म्हणाले.

बाईंची पाटी ‘ए’ आवृत्तीची होती. काकांजवळची ‘बी’ भंगारातून आलेली. तिचा प्रोसेसर कोणी उपसून नेला होता. म्हणजे ती बाईंच्या यंत्रात बसवून भागणार नव्हते. तिला केवळ वाचता येणार होते. दोन संध्याकाळी काका एकेक बिंदू मीटरने ताडत बसले. अखेर एका ठिकाणी ‘बी’ पाटीवर मीटर वाजले आणि ‘ए’ पाटीवर ते मुके राहिले. वीज स्थिर झाल्याची वार्ता प्रोसेसरला पोचवणारी ती रेघ होती. भिंगाखाली ‘ए’ पाटीच्या त्या दोन्ही टोकांवर सोल्डरचे दोन जुने ठिपके दिसले. कारखान्याने जोडलेली तार तेथे होती. कोणीतरी ती वरवरची, अशोभनीय समजून साफसफाईत काढून टाकली होती.

काकांनी बोटभर तार जोडली आणि कळ दाबली. पडदा उजळला, आणि ओळीमागून ओळ धवळे दिसू लागले. बाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी पहिले गाणे हलक्या आवाजात म्हणून पाहिले.

“काका, आता ही ‘बी’ पाटी भंगारात द्यायची ना?” शेजारी उभ्या असलेल्या मुलाने विचारले.

“अरे, उत्तर हिनेच तर सांगितले,” काका म्हणाले आणि त्यांनी ती पाटी कागदात गुंडाळून फळीवर ठेवली.

दुरुस्तीची खूण हा वस्तूचा कलंक नसतो. चूक कळली आणि ती निस्तरली, याची ती साक्ष असते. ती साक्ष ज्याला वाचता येत नाही, तो तिला कचरा समजून उपटून टाकतो. वस्तूचे वजन करायला काटा पुरतो. तिचे मोल जाणायला मात्र तिच्याजवळ थांबून ती वाचावी लागते.