रिकामी नोंद

नौदली डावपेचांच्या संगणकीय खेळात नवखा खेळाडू पाणबुडी बुडाल्याच्या वार्तेची वाट पाहतो. जाणता मात्र काहीही न घडलेल्या दिवसाचे मोल ओळखतो. २००९ सालच्या ‘वॉर इन द पॅसिफिक : ॲडमिरल्स एडिशन’मध्ये कॅटलिना किंवा पाण्यावर उतरणारी छोटी जपानी विमाने पाणबुडीविरोधी गस्तीवर नेमता येतात. अधिक विमाने पाठवली, की वैमानिक थकतात. कमी पाठवली, की समुद्र उघडा पडतो.

या नियमामागे इतिहास आहे. दुसऱ्या महायुद्धातील सातव्या वर्गाची जर्मन पाणबुडी पृष्ठभागावर ताशी सुमारे १७ सागरी मैल धावे. पाण्याखाली जेमतेम ७, आणि तेही अल्पकाळ. विमान दिसताच तिला बुडी मारावी लागे. तेवढ्यात जहाजांचा ताफा दूर निघून जाई. मध्य अटलांटिकमधील विमानांच्या टप्प्याबाहेरचा पट्टा १९४३ मध्ये मिटला, त्यात दूर पल्ल्याच्या लिबरेटर विमानांचा मोठा वाटा होता. त्या मे महिन्यात ४० हून अधिक जर्मन पाणबुड्या नष्ट झाल्या आणि ॲडमिरल डोनिट्झला उत्तर अटलांटिकच्या ताफामार्गांवरून माघार घ्यावी लागली.

तरीही बहुतेक वैमानिक परतत, ते ‘काही आढळले नाही’ एवढीच नोंद घेऊन. सुखरूप बंदराला लागलेली जहाजे त्या नोंदीत नसत. खेळाच्या गुणफलकावरही ती नसतात.