मागें राहिलेल्यांचे चेहरे

गेल्या पावसाळ्यांत केटे कोलविट्झ या जर्मन चित्रकर्त्रीच्या ‘युद्ध’ मालिकेचें पुस्तक आमच्या हातीं आलें. 1921-22 सालीं तिनें लाकडी ठशांसाठीं कोरलेलीं हीं सात चित्रें. त्यांत तोफा नाहींत, जयघोष नाहीं. आहेत तीं बहुतेक घरीं मागें राहिलेलीं माणसें. फळीवर कोरावें तेवढेंच कागदावर पांढरें राहतें, बाकी सारें काळें. ते चेहरे त्या काळोखांतून जेमतेम वर आले आहेत.

तिचा मुलगा पेटर 1914 च्या ऑक्टोबरांत बेल्जियममध्यें पडला. वय 18. बाप त्याला सैन्यांत जाऊं देईना. त्याचें मन वळविलें तें आईनेंच. पहिल्या चित्रांत एक आई तान्हें मूल दोन्ही हातांनीं पुढें करते. ती कोण, हें मग सांगावें लागत नाहीं.

पुस्तक मिटून आम्ही नेहमींप्रमाणें वाईहून मेणवलीच्या घाटाकडे फिरावयास निघालों. नाना फडणविसांचा वाडा पाहून आम्हांला आजवर आठवे तें त्यांचें शहाणपण. त्या दिवशीं दुसरेंच आठवलें. 1761 सालीं पानिपताहून जीव वांचवून परतलेले नानाहि 18 वर्षांचेच होते. बरोबर गेलेली आई मात्र परतली नाहीं.

मोत्यें, मोहरा आणि खुर्दा यांत मांडलेला पानिपतचा हिशेब आम्हांला लहानपणापासून तोंडपाठ. त्या खुर्द्यांत एक आईहि होती, हें ध्यानांत यावयास आम्हांला एका परक्या आईचें दुःख पाहावें लागलें.